कंगाल झालेल्या मोनॅकोत एका घोटाळेबाजाने पैसा लावला आणि सहाच वर्षांत तिथल्या लोकांचे टॅक्स माफ झाले

मोनॅको म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं? फॉर्म्युला वनची रेस, समुद्रात उभ्या असलेल्या कोट्यवधींच्या यॉट, जेम्स बाँडच्या सिनेमातला कॅसिनो आणि इन्कम टॅक्स भरायला लागू नये म्हणून तिथे घर घेऊन बसलेले जगभरातले श्रीमंत.

देश केवढा? तर जेमतेम २ चौरस किलोमीटर. आपल्याकडच्या तालुक्याच्या गावाची हद्दही याहून मोठी भरेल.

पण १६० वर्षांपूर्वी हाच मोनॅको युरोपातल्या सगळ्यात गरीब संस्थानांपैकी एक होता. रस्ता धड नाही, रेल्वे नाही, शेती नाही, कारखाना नाही. राजघराण्याकडे खर्चाला पैसे नव्हते. अशा ठिकाणी कुणी शहाणा माणूस पैसा लावेल का?

एकाने लावला. त्याचं नाव फ्रान्स्वा ब्लाँ. त्याच्या नावावर त्याआधी एक गाजलेला घोटाळा जमा होता. त्याची गोष्ट समजून घ्यायची कारण छोट्या देशात धंदा कसा उभा राहतो, त्यात देशाला काय मिळतं आणि त्याची किंमत कोण मोजतं, हे सगळं एकाच माणसाच्या आयुष्यात बघायला मिळतं.

सुरुवात होते ती एका घोटाळ्यापासून.

फ्रान्स्वा ब्लाँचा जन्म १८०६ सालचा. दक्षिण फ्रान्समधलं कुर्तेझों नावाचं छोटं गाव. तो आणि त्याचा भाऊ लुई हे जुळे. घरची परिस्थिती साधारणच. दोघं भाऊ मोठे झाले आणि बोर्दो शहरात सरकारी कर्जरोख्यांच्या खरेदी-विक्रीच्या धंद्यात उतरले.

त्या काळात रोख्यांचे भाव ठरायचे पॅरिसच्या बाजारात. पॅरिसमध्ये भाव चढला की बोर्दोमध्येही चढणार हे नक्की. पण ही बातमी बोर्दोला पोचायची टपालाच्या घोडागाडीतून, आणि त्यात काही दिवस जायचे. म्हणजे ज्याला ती बातमी आधी कळेल, तो आज स्वस्तात घेऊन परवा महागात विकू शकत होता.

आता फ्रान्स सरकारकडे त्या वेळी एक भारी गोष्ट होती. टेलिग्राफ. पण तारेचा नाही. टेकड्यांवर, उंच इमारतींवर मनोरे बांधलेले असायचे. प्रत्येक मनोऱ्यावर लाकडाचे हलणारे हात. एका मनोऱ्यावरचा माणूस ते हात ठराविक पद्धतीने वळवायचा, पुढच्या मनोऱ्यावरचा दुर्बिणीतून बघायचा आणि तसंच्या तसं पुढे पाठवायचा. असा निरोप काही तासांत देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायचा. फक्त ही सोय सरकारी कामासाठीच होती.

ब्लाँ बंधूंनी १८३४ मध्ये याच यंत्रणेत शिरकाव केला.

पॅरिस आणि बोर्दोच्या मध्ये तूर नावाचं शहर लागतं. तिथल्या टेलिग्राफ कर्मचाऱ्याला त्यांनी पैसे चारले. पॅरिसमधला त्यांचा माणूस भाव बदलला की तूरला टपालाने एक पार्सल पाठवायचा. पार्सलमध्ये हातमोजे आहेत की पायमोजे, यावरून भाव वर गेला की खाली आला हे कळायचं. मग तूरचा कर्मचारी सरकारी निरोप पुढे पाठवताना मुद्दाम एक चुकीची खूण घालायचा आणि लगेच ती चूक रद्द करायची खूण द्यायचा. बघणाऱ्याला वाटावं की बिचाऱ्याचा हात चुकला.

ती चूक एका मनोऱ्यावरून दुसऱ्या मनोऱ्यावर जात थेट बोर्दोला पोचायची. तिथे ब्लाँचा माणूस शेवटचा मनोरा बघत बसलेला असायचा. त्याला निरोपाशी देणंघेणं नव्हतं, त्याला फक्त चूक हवी होती.

यात तूरच का निवडलं, हीसुद्धा गंमत आहे. पॅरिसहून आलेला निरोप तूरमध्ये तपासला जायचा आणि त्यातल्या चुका काढून टाकल्या जायच्या. पॅरिसहून चूक पाठवली असती तर ती तूरमध्येच मेली असती. तूरनंतर घातलेली चूक मात्र शेवटपर्यंत जायची. आज सायबर सुरक्षेवर बोलणारे बरेच जण या प्रकाराला जगातली पहिली हॅकिंग म्हणतात, ते यामुळेच.

हा खेळ दोन वर्षं चालला. १८३६ मध्ये तूरचा तो कर्मचारी आजारी पडला. काम चालू राहावं म्हणून त्याने आपल्या ओळखीच्या माणसाला यात ओढायचा प्रयत्न केला आणि तिथे बिंग फुटलं.

१८३७ मध्ये खटला उभा राहिला. पण गंमत अशी की टेलिग्राफच्या यंत्रणेतून खासगी खूण पाठवणं हा गुन्हा आहे, असा कायदाच फ्रान्समध्ये नव्हता. मुख्य आरोपातून ब्लाँ बंधू सुटले. सरकारने त्याच वर्षी घाईघाईने टेलिग्राफवर सरकारी मक्तेदारीचा कायदा केला.

या प्रकरणातून फ्रान्स्वा ब्लाँला कळलेली गोष्ट त्याच्या पुढच्या सगळ्या धंद्याचा पाया ठरली. नफा बऱ्याचदा मालात नसतो. एका ठिकाणचा कायदा आणि दुसऱ्या ठिकाणचा कायदा यात जे अंतर असतं, त्यात असतो.

आणि असं एक अंतर लगेच तयार झालं. १८३७ संपलं आणि फ्रान्सने जुगाराचे अड्डे बंद केले. पॅरिसमधले शौकीन होते तिथेच होते, त्यांचे पैसेही होते. फक्त खेळायला जागा उरली नव्हती.

पहिला प्रयोग जर्मनीत.

त्या वेळी जर्मनी हा एक देश नव्हता. आपल्याकडे इंग्रजांच्या काळात जशी संस्थानं होती, तशी तिथे छोटी छोटी राज्यं होती. त्यातलं एक हेस-होम्बुर्ग. गावात औषधी पाण्याचे झरे होते आणि संस्थानिकाच्या डोक्यावर कर्ज होतं. ब्लाँ बंधूंनी त्याच्याशी करार केला. आम्हाला जुगाराचा परवाना द्या, आम्ही तुम्हाला आलिशान इमारत बांधून देतो, बागा करतो आणि वर पैसेही देतो.

१८४३ मध्ये होम्बुर्गची नवी इमारत उघडली. जर्मनीत अशी बाकीही ठिकाणं होती, मग लोकांनी होम्बुर्गलाच का यावं? इथे ब्लाँने एक डाव टाकला.

रुलेटच्या चाकावर १ ते ३६ आकडे असतात आणि सोबत शून्य. शून्य आलं की बहुतेकांचे पैसे कॅसिनोकडे जातात. तेव्हा चाकावर दोन शून्यं असायची. म्हणजे ३८ घरं, त्यातली २ कॅसिनोची. यात कॅसिनोचा हिशेब सरासरी १०० रुपयांमागे सव्वापाच रुपये बसतो. ब्लाँने एक शून्य काढून टाकलं. आता ३७ घरं, त्यातलं १ कॅसिनोचं. कमाई १०० मागे २ रुपये ७० पैशांवर आली.

स्वतःचा नफा निम्मा करणारा माणूस वेडा वाटेल. पण खेळणाऱ्याला कळलं की इथे आपले पैसे जास्त वेळ टिकतात. तो जास्त वेळ बसला आणि सोबत दहा जणांना घेऊन आला. कमी मार्जिन, जास्त गिऱ्हाईक. आपल्याकडचा कुठलाही किराणा दुकानदार हे गणित झोपेत सांगेल. जुगारात ते वापरून दाखवलं ब्लाँने.

होम्बुर्ग गाजलं. युरोपभरातले राजपुत्र, सरदार, लेखक तिथे यायला लागले. रशियन लेखक दोस्तोयेव्स्की तिथे रुलेटवर पैसे हरला. होम्बुर्गच्याच काळात लुई वारला आणि फ्रान्स्वा एकटा राहिला. त्याने दुसरं लग्न केलं ते होम्बुर्गजवळच्याच एका चांभाराच्या मुलीशी. तिचं नाव मारी हेन्झेल. हे नाव लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

धंदा जोरात होता, पण ब्लाँला धोका दिसत होता. हे छोटं संस्थान मोठ्या शेजाऱ्यांच्या मर्जीवर जगत होतं. जर्मनी एक करायच्या हालचाली सुरू होत्या. उद्या एखाद्या मोठ्या राज्याने होम्बुर्ग गिळलं, तर करार कागदावरच राहणार होता. त्याला दुसरी जागा हवी होती.

तिकडे मोनॅकोची अवस्था काय होती?

मोनॅकोवर ग्रिमाल्डी घराण्याचं राज्य. खडकावर वसलेलं छोटं गाव आणि शेजारी मेंटॉन आणि रोकब्रून ही दोन ठिकाणं. लिंबू आणि ऑलिव्ह पिकायचं ते तिकडेच. त्यावरचा कर हीच राजाची मुख्य कमाई. कर इतका जाचक होता की १८४८ मध्ये ही दोन्ही ठिकाणं बंड करून वेगळी झाली.

१८६१ मध्ये प्रिन्स चार्ल्स तिसरा याने फ्रान्सशी तह केला. मेंटॉन आणि रोकब्रूनवरचा हक्क ४० लाख फ्रँक घेऊन सोडून दिला. देशाची बहुतेक जमीन गेली. उरला खडक, बंदर आणि बाराशेच्या आसपास माणसं.

पण या तहात एक गोष्ट मिळाली. फ्रान्सने मान्य केलं की मोनॅको हा स्वतंत्र देश आहे. म्हणजे आपले कायदे आपण करायचा हक्क. शेती गेली, लोकं गेली, कर गेला, पण कायदा करायचा अधिकार राहिला. विकण्यासारखं या देशाकडे तेवढंच होतं.

राजाची आई प्रिन्सेस कॅरोलिन हुशार होती. होम्बुर्गसारखा कॅसिनो आपण काढावा, ही कल्पना तिने तहाच्या आधीच उचलून धरली होती. १८५६ मध्ये परवाना दिला गेला आणि वर्ष संपता संपता एका बंगल्यात खेळ सुरूही झाला.

आणि साफ फसला.

कारण सोपं होतं. यायचं कसं? नीसहून मोनॅकोला यायचं तर डोंगरातल्या खडतर रस्त्याने घोडागाडीत हाडं खिळखिळी करून घ्यायची, नाहीतर बोटीची वाट बघायची. आल्यावर राहायला नीट हॉटेल नाही. काही दिवस तर टेबलावर एखाद-दुसरा माणूस असायचा. परवाना एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती गेला, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे. स्पेलुग नावाच्या ओसाड पठारावर नव्या कॅसिनोचं बांधकाम १८५८ मध्ये सुरू झालं ते पैशाअभावी रखडत रखडत १८६३ मध्ये कसंबसं उघडलं.

इथे ब्लाँची एन्ट्री होते.

३१ मार्च १८६३ ला ब्लाँने हा परवाना १७ लाख फ्रँकला विकत घेतला. फसलेला धंदा, ओसाड पठार आणि रस्ता नसलेला देश. यात त्याला काय दिसलं?

एक, १८६० मध्ये नीस फ्रान्सला मिळालं होतं आणि फ्रान्सची रेल्वे त्या दिशेने येत होती. आज ना उद्या ती मोनॅकोतून जाणार होती. आधीच्या मालकांनी लोक येण्याची वाट बघितली. ब्लाँने रेल्वे यायच्या आधी जागा तयार ठेवायचं ठरवलं.

दोन, हिवाळा. युरोपात बर्फ पडत असताना इथे ऊन असायचं. श्रीमंत लोक हिवाळा काढायला या किनाऱ्यावर यायला लागले होते.

तीन, मुदत. त्याने परवाना घेतला तो ५० वर्षांसाठी. दोन-पाच वर्षांच्या परवान्यावर कुणी रस्ते बांधत नाही. अर्धं शतक हातात असेल तर माणूस झाडंही लावतो.

त्याने ८० लाख फ्रँक भांडवलाची कंपनी काढली. तिच्या नावाचा अर्थ होता समुद्रस्नान आणि परदेशी पाहुण्यांच्या क्लबची कंपनी. जुगार हा शब्द नावात कुठेच नाही. लोकांना सांगायला समुद्रस्नान, कमवायला रुलेट.

राजाला काय मिळणार होतं? दरवर्षी ५० हजार फ्रँक आणि निव्वळ नफ्यातले १० टक्के. शिवाय रस्ते, पाणी, गॅसचे दिवे, बागा अशी गावाची कितीतरी कामं कंपनीच्या गळ्यात. आज ज्याला आपण इन्फ्रास्ट्रक्चर म्हणतो ते देशाकडे नव्हतं, ते गुंतवणूकदाराने आणलं.

१८६४ मध्ये कॅसिनोला लागून ऑतेल द पारी हे आलिशान हॉटेल उघडलं. पॅरिसच्या वर्तमानपत्रांत मोनॅकोचं गुणगान छापून यायला लागलं. ल फिगारो या पेपरचा संपादक व्हिलमेसाँ तर ब्लाँचा मोठा प्रचारक होता. कॅसिनोवर टीका येऊ नये म्हणून पेपरवाल्यांना खुश ठेवण्यावर ब्लाँ हात सैल सोडून खर्च करायचा.

नावाचाही प्रश्न होता. स्पेलुग म्हणजे गुहा. ऐकणाऱ्याला एखाद्या गुत्त्याचं नाव वाटायचं. १८६६ मध्ये पठाराला राजाचंच नाव दिलं गेलं. चार्ल्सचा डोंगर, म्हणजे माँटे कार्लो. आज जगभर ब्रँड म्हणून चालणारं हे नाव त्या वर्षीपर्यंत अस्तित्वातच नव्हतं.

१८६८ मध्ये रेल्वे आली आणि चित्र पालटलं. जिथे यायला अर्धा दिवस जायचा, तिथे नीसहून आगगाडीत बसून आरामात पोचता येऊ लागलं. माणसांचा लोंढा सुरू झाला.

८ फेब्रुवारी १८६९ ला प्रिन्स चार्ल्सने हुकूम काढला. जमीन, मालमत्ता आणि धंद्यावरचे थेट कर रद्द. करांमुळे बंड होऊन देश तुटला होता, त्याला पुरती २१ वर्षंही झाली नव्हती. आता त्याच देशात कर घ्यायची गरज उरली नव्हती.

पण राजाने एक अट घातलेली होती आणि ती फार महत्त्वाची आहे. मोनॅकोच्या नागरिकांनी या कॅसिनोत खेळायचं नाही.

नोकरी करा, हॉटेल काढा, जमीन विका, पण टेबलावर बसू नका. पैसा बाहेरच्याचा यायला हवा, घरातला जायला नको. ही बंदी आजही आहे. आपल्याकडे गोव्यातही २०२० पासून स्थानिकांना कॅसिनोत खेळायला बंदी आहे, त्यामागचा विचार हाच.

आता तुम्ही म्हणाल, हरणाऱ्यांचं काय?

इथे गोष्टीची दुसरी बाजू सुरू होते. मोनॅकोत टॅक्स माफ झाला तो काही हवेतून नाही. तो भरत होता टेबलावर हरणारा परका माणूस. कुणी वडिलोपार्जित इस्टेट घालवली, कुणी मालकाचे पैसे. काहींनी आयुष्य संपवलं. त्याच्या बातम्या युरोपभर पसरल्या. मेलेल्या माणसाच्या खिशात कंपनीची माणसं गुपचूप नोटा कोंबतात, म्हणजे तो जुगारात हरून मेला असं वाटू नये, अशी दंतकथाही फिरायला लागली.

यावर कंपनीची एक पद्धत होती. सगळं हरलेल्या माणसाला घरी जायला रेल्वेच्या तिकिटाचे पैसे द्यायचे. दया म्हणून बघितलं तर दया, हिशेब म्हणून बघितलं तर हिशेब. कारण कंगाल झालेला माणूस गावात फिरत राहिला तर नव्या गिऱ्हाइकाचा मूड जातो. आणि हे पैसे परत केल्याशिवाय त्याला पुन्हा कॅसिनोत प्रवेश नसायचा.

जिंकणाऱ्यांचा मात्र गाजावाजा व्हायचा. एखाद्या टेबलावर ठेवलेली रोकड संपली की त्या टेबलावर काळं कापड टाकायचे. बँक फुटली म्हणून बोंब व्हायची. खरं तर फुटायची ती फक्त त्या टेबलाची त्या वेळची रोकड. थोड्या वेळात आतून नवे पैसे यायचे आणि खेळ चालू. पण बातमी मात्र दूरवर जायची आणि ती वाचून शंभर जण नव्याने गाडीत बसायचे.

ब्लाँ या आडनावाचा अर्थ पांढरा. रुलेटवर पैसे लावायला रंग दोनच, लाल आणि काळा. त्यामुळे शेवटी जिंकतो तो तिसराच रंग, असा विनोद त्या काळी चालायचा. दुसरी कथा याहून भारी. चाकावरच्या १ ते ३६ आकड्यांची बेरीज होते ६६६ आणि ख्रिस्ती लोकांत हा सैतानाचा आकडा. त्यामुळे ब्लाँने रुलेटचं गुपित सैतानाकडून घेतलं असंही लोक सांगायचे. बेरीज खरी आहे, सैतानाचं तेवढं सोडून द्या.

दरम्यान होम्बुर्गबद्दलची त्याची भीती खरी ठरली होती.

१८६६ मध्ये प्रशियाने होम्बुर्ग गिळलं. पुढे जर्मनीतल्या सगळ्या कॅसिनोंना १८७२ च्या अखेरीस टाळं लागलं. बाकीचे कॅसिनोवाले बुडाले. ब्लाँचं होम्बुर्गही गेलं, पण तोवर माँटे कार्लो उभं राहिलं होतं आणि जर्मनीतलं गिऱ्हाईक आपोआप तिकडे वळलं. युरोपच्या त्या भागात त्याला तोलामोलाचा प्रतिस्पर्धीच उरला नाही.

पण होम्बुर्गचा धडा मोनॅकोलाही लागू होता. इथला मोठा शेजारी म्हणजे फ्रान्स. नीसचे व्यापारी आणि धर्मगुरू कॅसिनो बंद करा म्हणून ओरडत होते. रेल्वे फ्रान्सची, वर्तमानपत्रं फ्रान्सची, तिन्ही बाजूंची जमीन फ्रान्सची. पॅरिसने मनावर घेतलं असतं तर मोनॅकोचा श्वास कोंडायला वेळ लागला नसता.

१८७० च्या युद्धात फ्रान्स हरला होता. तिजोरी रिकामी होती आणि पॅरिसमध्ये शार्ल गार्निए या आर्किटेक्टचं भव्य ऑपेरा हाऊस अर्धवट पडून होतं. १८७४ मध्ये ते पूर्ण करायला ४९ लाख फ्रँकचं कर्ज दिलं ते फ्रान्स्वा ब्लाँने, ६ टक्के व्याजाने. जानेवारी १८७५ मध्ये ऑपेरा उघडला.

ज्या सरकारने एकेकाळी त्याच्यावर खटला भरला होता, तेच सरकार आता त्याचं कर्जदार झालं. छोट्या देशात धंदा करायचा तर शेजारच्या मोठ्या देशाशी संबंध सांभाळावे लागतात, हे त्याला पुरतं माहीत होतं. व्याज मिळालं ते वेगळंच.

२७ जुलै १८७७ ला स्वित्झर्लंडमध्ये लॉयकरबाड इथे फ्रान्स्वा ब्लाँ वारला. वय ७०. मागे ठेवलेली संपत्ती ७ कोटी फ्रँकच्या वर होती, असं सांगतात.

त्याच्यामागे कारभार हाती घेतला तो त्याच्या बायकोने, त्या चांभाराच्या मुलीने. पॅरिसचा ऑपेरा बांधणाऱ्या गार्निएलाच मोनॅकोत बोलावून घेतलं गेलं आणि १८७९ मध्ये माँटे कार्लोचं ऑपेरा हाऊस उघडलं. पुढे ब्लाँच्या आधीच्या संसारातला मुलगा कामिय याने कित्येक वर्षं कंपनी चालवली. मोनॅकोची लोकसंख्या तीसेक वर्षांत बाराशेवरून दहा हजारांच्या पुढे गेली.

पैशाने घराण्याला मानही मिळाला. एक मुलगी राझिवील घराण्याच्या राजपुत्राला दिली, दुसरी बोनापार्ट घराण्यातल्या रोलाँला. त्या दुसरीची मुलगी म्हणजे मारी बोनापार्ट. तिने ग्रीसच्या राजपुत्राशी लग्न केलं आणि ती सिग्मंड फ्रॉइडची शिष्या झाली. १९३८ मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया ताब्यात घेतला, तेव्हा ज्यू असलेल्या फ्रॉइडला व्हिएन्नातून बाहेर काढण्यात तिच्या ओळखींचा आणि पैशाचा मोठा वाटा होता. रुलेटच्या टेबलावर जमलेल्या संपत्तीची वारस एका माणसाचा जीव वाचवायला उपयोगी पडली.

आज ब्लाँची ती कंपनी चालू आहे. नावात समुद्रस्नान अजून आहे आणि सगळ्यात मोठा वाटा मोनॅकोच्या सरकारकडे आहे. सरकारच्या उत्पन्नात जुगाराचा वाटा आता फार छोटा उरलाय. बँका, पर्यटन, घरांचे व्यवहार आणि व्हॅट यावर देश चालतो. जुगाराने पहिला पैसा आणला, त्यावर रेल्वेच्या काळात हॉटेलं आली, हॉटेलांमागून श्रीमंत लोक आले आणि ते राहायलाच आले.

या सगळ्याचं श्रेय एकट्या ब्लाँला देता येत नाही. तोच परवाना त्याच्याआधी तिघा-चौघांच्या हातून गेला होता आणि तेव्हा रेल्वे नव्हती. राजाने नफ्यात टक्केवारी मागितली नसती, गावची कामं कंपनीच्या गळ्यात घातली नसती आणि आपल्या लोकांना टेबलापासून लांब ठेवलं नसतं, तर ब्लाँ श्रीमंत झाला असता आणि मोनॅको तसाच राहिला असता.

आजही जगातले छोटे देश हेच करताना दिसतात. कुणी आपल्या झेंड्याखाली जहाजांची नोंदणी देतं, कुणी कंपन्यांना कमी टॅक्स देतं, कुणी पैशाच्या बदल्यात पासपोर्ट. जमीन आणि खनिजं नसली तरी कायदा करायचा हक्क असतो आणि त्याला बाजारात भाव मिळतो. तो भाव किती आणि त्यातलं लोकांच्या वाट्याला काय येणार, हे करार करतानाच ठरतं.

मोनॅकोच्या राजाने १८६३ मध्ये ते ठरवलं. बिल मात्र गेलं ते रात्रीच्या गाडीने फुकटच्या तिकिटावर घरी परतणाऱ्या परक्या माणसाकडे. त्याचा हिशेब मोनॅकोच्या वहीत कधी लागला नाही.